चोर नको, सब्बल पाहिजे

"घाण दाखवा बाप्पा, घाण!"

आसगावात कुणाच्याही अंगणात शिरताना आमचे डॉक्टर पाण्याआधी हेच मागायचे. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात झाकणाची बाटली घेऊन, गोठ्यामागच्या नालीपाशी पंगतीला बसल्यासारखे उकिडवे बसायचे.

डॉक्टर जनावरांचे, भंडाऱ्याहून येणारे. मी गावच्या दूध संकलन केंद्रावर, म्हणून त्यांना घरं दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाईंच्या कासेला सूज आणणारा स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू नेहमीच्या इंजेक्शनांना जुमानेनासा झाला होता. त्याला मारणारा विषाणू त्यांना हवा होता, आणि जिथे जंतू तिथेच त्याचा वैरी सापडणार, असा त्यांचा हिशेब होता.

"विषाणू म्हणजे चोर," ते समजावत. "जंतूच्या घरात शिरते, तिथंच पिल्लं काढते आन निघताना भिंत फोडते. मले चोर नको, त्याची सब्बल पायजे. बाहेरून लावली तरी भिंत फुटते!"

सब्बल म्हणजे पहार, आणि ही पहार म्हणजे जंतूची भिंत विरघळवणारं विषाणूचं एन्झाइम. गावाला ते लगेच पटलं. पण पाहुणा येणार म्हटलं की झाडून-सारवून ठेवायचं, ही आमची जुनी खोड. डॉक्टर येणार कळताच घरोघरी गोठे धुतले गेले, नाल्यांत फिनाइल पडलं. एका घरी तर नालीच्या काठाने रांगोळी! डॉक्टर बाटली धरून बघतच राहिले.

"फिनाइल टाकलं काय?"

"दोन डाव, साहेब!" घरधनी छाती फुगवून म्हणाला.

"काहून बाप्पा? माह्या चोरानं तुमचं काय नेलं होतं?"

नाली धुतली नव्हती ती फक्त शेवंताबाईने. तिच्या एकुलत्या गाईची दोन सडं दगडासारखी झाली होती, तिचं कशातच लक्ष नव्हतं. "झाडलं नाई, साहेब," ती ओशाळून म्हणाली. डॉक्टर इतके खूश झाले की मलाच लाज वाटली.

काही महिन्यांनी ते मोबाइल नाचवत आले. फोटोत काचेच्या बशीवर जंतूंचा गढूळ थर आणि मधोमध, जंतू मेले तिथे, स्वच्छ गोल. "बाई, ही तुमच्या नालीतली सब्बल!"

तोवर गाईचं तिसरं सडही सुजलं होतं.

"मंग लावा ना माह्या गाईले."

"काचेत चाललं, कासेत चालते का ते पाहाचं हाय. परवानग्या हायेत. वर्षं लागतीन, बाई."

"तोवर गाय थांबल काय?"

डॉक्टरांची थट्टा तिथेच आटली. त्यांनी त्या गाईचं दूध तपासून, अजून लागू पडेल असं एक इंजेक्शन शोधून आणलं. पुढे दर रविवारी स्वतःच्या खर्चाने येऊन, गाईच्या लाथा खात ते खराब दूध पिळून काढायचे, कास शेकायचे. "मोठा शास्त्रज्ञ हाय मी," लाथ बसली की गाईला सांगायचे. तिसरं सड वाचलं.

गेल्या महिन्यात ती गाय व्याली. शेवंताबाई डबा घेऊन केंद्रावर आली. "साहेब कवा येते, बाबू? खरवस आनला."

डॉक्टर वारल्याचा फोन मला आदल्याच दिवशी आला होता. मी तिला तसं सांगितलं. तिने झाकण काढून डबा माझ्यापुढे ठेवला.

"खाय तूच. गूळ नाई टाकला. साहेबाले शुगर होती ना."