फळीखालचा दिवा

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. ह्यांच्या नाही, माहेरी आईच्याही नाही — आणि आई तर माझं पोटातलं ओठावर यायच्या आधी ओळखायची. देवीपुढं उभी राहिले तेव्हाही एवढं एक वगळून बाकीचं सगळं बोलले. देवीला काय, ठाऊकच असेल. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

गोष्ट दिव्याची आहे. स्वयंपाकघरातल्या साध्या विजेच्या दिव्याची — हसू नका. दिवा इथं लावला काय नि तिथं लावला काय, त्यात कसलं आलंय पाप? मलाही तसंच वाटायचं. म्हणजे, तसं वाटून घ्यायचे मी.

लोणावळ्याच्या बाजारपेठेत आमचं घर. हे रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर. घरात आम्ही तिघंच — हे, मी, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या तळेगावजवळच्या परंदवडीच्या शेतकऱ्याची लेक. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, बोलायला फटकळ, आणि भाकरी अशी करायची की शेजारच्या बायका तव्यावरची फुगलेली भाकरी बघायला दारात थांबायच्या. चूल त्यांची. मी भाजी चिरायची, पाणी भरायचं, भांडी घासायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी चुलीपुढचा पाट काही मला मिळाला नव्हता. पिठाला हात लावला की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे गं शेवंते, तुला न्हाई जमायचं." मनात काही नसायचं त्यांच्या. पण रोज रोज ऐकलं की माणूस आतून चिडतं हो. मी चिडायचे, आणि हसून "बरं" म्हणायचे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी पेठेत वीज आली. ह्यांनी ठरवलं, एक दिवा ओटीवर, एक स्वयंपाकघरात. तारा ओढायला आमच्याच आळीतले उस्मानभाई आले. आत्याबाई तेव्हा भावाकडं परंदवडीला गेल्या होत्या, हे कामावर. मग विचारणार कुणाला? मला.

आता इथं जरा नीट ऐका. आमच्याकडं चुलीपुढं बसणारीचं तोंड पूर्वेलाच हवं. आत्याबाईंच्या सासूपासूनचा नियम, त्यात बदल नाही. समोरच्या भिंतीला डब्यांची लांब फळी, आणि फळीखाली भिंतीत दिवळी. त्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी जळायची. मिणमिणती का होईना, पण समोरून उजेड यायचा. उस्मानभाईंनी दारातूनच सगळं बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, दिवा फळीच्या खाली लावू, पुढच्या कडेला. उजेड थेट परातीत पडंल. मागं छताच्या तुळईला टांगला तर बसणारीची सावली तिच्याच ताटात."

मला कळलं नाही का? चांगलं कळलं. पण फळीखाली दिवा लावला तर तो फळीच्या आड. उजेड दिसेल, दिवा कुणाला दिसणार? आणि तुळईला टांगला तर नळावर येणाऱ्या साऱ्या बायकांना मागच्या दारातून तो काचेचा गोळा लख्ख दिसेल. मी म्हटलं, तुळईलाच लावा. त्यांनी एकदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

थांबा — कबुली ही नाही. ही नुसती मिरवायची हौस. एवढ्यावर थांबले असते तर आज तुमच्यापुढं तोंड उघडावं लागलं नसतं.

आत्याबाई परत आल्या. दिवेलागणीला मी बटण दाबलं, तर त्यांनी पदर सावरून त्या विजेच्या दिव्याला हात जोडले. आणि पूर्वेला तोंड करून चुलीपुढं बसल्या.

पहिल्याच आठवड्यात भातात खडा लागला. मग भाकरी एका बाजूनं करपायला लागली. ज्या बाईच्या तव्यावर कधी डाग पडला नव्हता, तिच्या भाकरीवर काळे चट्टे! एकदा ह्यांच्या शेडमधले दोघं जेवायला होते. एकाच्या दाताखाली कचकन खडा आला. त्या बिचाऱ्यानं तो तसाच गिळून टाकला. पण आत्याबाईंनी ऐकलं होतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

"दिवा तर येवढा लख्ख हाय," त्या म्हणाल्या, "मंग मलाच कसं दिसंना?"

हे बघा, सगळं इथं होतं. चिमणी असती तर म्हणता आलं असतं, उजेड कमी आहे. पण विजेच्या दिव्यात दिसत नाही म्हणजे दोष कुणाचा? दिव्याला कोण बोल लावणार? ह्यांनाही तसंच वाटलं. आत्याबाईंनी चिमणी परत पेटवू म्हटलं तर हे म्हणाले, घरात वीज असताना चिमणी? लोक काय म्हणतील?

आणि एकदा त्यांच्या ध्यानात आलंही होतं. पीठ मळता मळता थांबून म्हणाल्या, "शेवंते, सावली पडतिया गं माजी परातीत." मी विळीवर बसले होते. माझ्या पाठीवरूनच तर तो उजेड जात होता. किती सोपं होतं — उस्मानभाईंना हाक मारायची, दिवा पुढं घ्यायचा. मी काय म्हणाले ऐका. मी हसले, आणि म्हणाले, "सावली कुणाची पडत नाही, आत्याबाई? माझीपण पडते की. तुम्हाला रातांधळं झालंय वाटतं."

सांगितलं एकदाचं. हे माझं वाक्य. दुसऱ्या कुणी नाही, मी उच्चारलं ते.

का? दिवा चुकीचा लावला हे कबूल करायची लाज? ती होतीच. पण नुसती ती नव्हती. त्या पाटाकडं माझं लक्ष होतं.

झालं. रातांधळं हा शब्द घरात शिरला तो शिरलाच. शेवग्याचा पाला झाला, बकऱ्याची काळिजं भाजून खाऊ घातली, डोळ्यांत काय काय पिळून झालं. दिव्याची जागा तीच, मग गुण कुठून येणार? शेवटी एका संध्याकाळी त्या पाटावरून आपणहून उठल्या. भाकरीची परात माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "बस बाई. तुजं तू बघ आता." फटकळपणा नाही, काही नाही. मला वाटलं होतं, आनंद होईल.

बसले मी. हात परातीत घातले, आणि पीठच दिसेना. माझ्याच डोक्याची काळी सावली त्या पिठात. आता सांगा, करू काय? दिवा हलवावा तर सगळं उघडं पडणार. चिमणी लावावी तर सासूला नाही नि सुनेला बरी लागते, असं होणार. दुसरीकडं तोंड करून बसावं तर नियम. बोंबलायचीही सोय नाही! तांदूळ मी भर दुपारी उन्हात निवडून ठेवायचे. भाकरी बोटांनी चाचपून उलटायची. बोटं भाजायची. वर्षानुवर्षं त्या सावलीत मी रांधलं, आणि वर म्हणायचं, वा, काय लख्ख उजेड आहे.

आत्याबाई ओटीवर बसायला लागल्या. दिवसा त्यांना सगळं दिसायचं — शेजारच्या पोराच्या पायातला काटा सुईनं काढताना मी त्यांना पाहिलंय. पण आंधळं होणार ही धास्ती एकदा बसली ना, की माणूस दिवसाही घाबरतं. परंदवडीला जाणं सोडलं. तळेगावला गाडीतून उतरून पुढं वाट चालायची, नि वाटेत अंधार झाला तर? भाऊ बोलावून बोलावून थकला. ह्यांनी पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं काढलं. मी म्हटलं, "म्हातारपणाला कुठं औषध असतं? उगाच त्यांची दगदग." डॉक्टर म्हणाला असता, डोळे चांगले आहेत. मग? त्या भीतीनं मी त्यांना जाऊ दिलं नाही.

एवढ्यावर तरी संपावं? नाही.

एका श्रावणात जोराचा वारा सुटला. ऐन स्वयंपाकाच्या वेळी वीज गेली. मी चिमणी शोधली, पेटवली, आणि सवयीनं ठेवली कुठं — दिवळीत. फळीखाली. आत्याबाई भिंत चाचपत उजेडाला आल्या. सहज माझ्याजवळ टेकल्या आणि परातीत बघितलं. बघतच राहिल्या.

"सरक," म्हणाल्या.

मी सरकले. त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. टम्म फुगली. एक डाग नाही. "आगं शेवंते, दिसाया लागलं मला! समदं दिसतंय!" आणि रडायला लागल्या. त्या बाईला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं. एकामागून एक भाकऱ्या करत होत्या, लागत नव्हत्या तरी करत होत्या.

तेवढ्यात वीज आली. तुळईवरचा दिवा लखकन लागला. आणि मी — माझ्याच्यानं सांगवत नाही, पण सांगते — मी वाकून चिमणी विझवली. हे दारात येऊन उभे होते ना, चिमणीत आईला दिसतंय हे त्यांनी ओळखलं असतं तर? सावली परत परातीत पडली. आत्याबाईंनी परातीवर वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "गेलं गं परत."

तेव्हा तरी बोलायचं होतं. एकच वाक्य होतं. मी त्यांना हात देऊन उठवलं.

त्यांनी धरलं, की एकविरेनं एक सांज डोळे दिले. ते फेडायला हवं, म्हणून आम्ही कार्ल्याच्या डोंगरावर गेलो. भर उन्हात मी त्यांचा हात धरून पायऱ्या चढवत होते. "जपून हं आत्याबाई, पायरी आली." अर्ध्या वाटेत त्या थांबल्या आणि खाली बोट दाखवून म्हणाल्या, "ती बग, गाडी चालली पुन्याला." मला ती अजून दिसलीही नव्हती. तरी मी हात सोडला नाही.

देवीची ओटी भरली. उतरताना मी विचारलं, काय मागितलंत? म्हणाल्या, "माजं गेलं ते गेलं. म्हनलं, माज्या सुनंचे डोळे नीट ऱ्हाऊ देत. समदं घर तिच्यावर हाय."

पुढं दोन पावसाळे त्या होत्या. मग गेल्या. तेराव्याला सगळं उरकलं आणि मी उस्मानभाईंना बोलावणं धाडलं. ते आले. मी म्हटलं, दिवा फळीखाली घ्या, पुढच्या कडेला. त्यांनी तुळईवरचा दिवा उतरवला आणि फळीखाली लावला.

त्या संध्याकाळी मी पूर्वेला तोंड करून पाटावर बसले. ताटातला दाणा न् दाणा दिसत होता. तांदळात एक खडा होता. तो मी वेचून टाकला, आणि भात लावला.