लेन्स बदलेपर्यंत

पाचट पेटलेल्या फडाच्या कडेला उभं राहून कॅमेऱ्याची लेन्स बदलू नये, असं कुठल्याही माहितीपुस्तकात लिहिलेलं नसतं. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी उसाचं पाचट, तोडणीनंतर रानात उरणारा तो वाळका पाला, जळताना पाहिलेलं नसावं. मी जन्मापासून पाहत आलोय. शिवाय मी बारामतीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. वारा कुठून कुठं वाहतो ते फळ्यावर बाण काढून मुलांना दाखवतो. तरी त्या दिवशी वाऱ्याकडं तोंड करून, उघडा कॅमेरा वाटीसारखा हातात धरून, मी दुसऱ्या लेन्सचं झाकण शोधत राहिलो. झाकण माझ्याच खिशात होतं. तेवढ्यात वरून काजळीची एक पाकळी हेलकावे खात आली आणि सरळ आत जाऊन बसली.

मग मी दुसरी चूक केली. कुणाच्या डोळ्यात कचरा गेला की मारतात तशी तोंडानं फुंकर मारली. पाकळी मोडली आणि तिचा एक कण आत चिकटून राहिला.

दादा बांधावर उभा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचं गाव निमगाव केतकी. तिथली शेती तो बघायचा आणि मी शिकून-सवरून पिंपळीत घर बांधून राहिलो. ते पाचट त्यानंच पेटवलं होतं.

"गेलं का काय आत?" त्यानं विचारलं.

"बारीक काहीतरी गेलं."

"माझ्या रानातलंच हाय. ऱ्हाऊ दे की मग."

राहिलं. त्या दिवसापासून मी काढलेल्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला एक काळा ठिपका येऊ लागला. उजनीच्या पाण्यावरच्या रोहित पक्ष्यांच्या फोटोतही तो आला. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं विचारलं तेव्हा, लांबवर घार आहे, असं मी सांगितलं. पुढच्या फोटोतही घार त्याच जागी होती. त्यानंतर त्यानं विचारलं नाही. कॅमेरा पुण्याला नेऊन साफ करून घ्यायचा होता, पण ते पुढच्या सुट्टीत.

हे सगळं टळलं असतं. बारामतीतल्या दुकानात कॅमेरा घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवर दोन ठेवले होते. दोन्ही लहान, दोन्ही भारीतले. एकाची लेन्स कायमची जोडलेली, दुसऱ्याची काढता-घालता येणारी. दुकानदार भला माणूस. पहिल्याकडं बोट दाखवून म्हणाला, "सर, ह्याची लेन्स निघत नाही, त्यामुळं आत धूळ जायची भीती नाही. चित्र एकदम स्वच्छ. पण झूम नाही. जवळचा फोटो पाहिजे तर आपण जवळ जायचं."

"आणि हा?"

"ह्याला पाहिजे ती लेन्स लावा. पक्ष्यांसाठी एक, घरच्यांसाठी एक, चेहऱ्यासाठी एक. हौसेला अंत नाही."

बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "लेन्स निघत नाही तोच घ्या. तुमच्यानं डब्याचं झाकण सांभाळणं होत नाही."

दुकानदार हसला. मला ते हसणं लागलं. पुरुषासारख्या पुरुषानं कॅमेरा घ्यायचा आणि त्याची लेन्स निघू नये, हे काही पटेना. मी दुसरा घेतला. सोबत एक छोटी लेन्स आणि एक लांब, पक्ष्यांची. तिसरी, चेहऱ्यांसाठीची, पुढंमागं घेऊ म्हटलं. येताना बायको गाडीवर मागं बसून एवढंच म्हणाली, "चेहरा सगळ्यात शेवटी."

दर रविवारी मी निमगावला जायचो. साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागून भवानीनगरपर्यंत रांगत जायचं आणि पुढं रस्ता मोकळा. दादाला फोटोची हौस नव्हती, पण माझी हौस मोडायचीही नव्हती. मी पिशवी उघडली की तो टोपी सारखी करायचा, सदऱ्याचं वरचं बटण लावायचा आणि ताठ उभा राहायचा. मग माझं सुरू. ही लेन्स काढ, ती पुस, तिचं मागचं झाकण हिला लाव. दादा थोडा वेळ ताठ राहायचा. मग त्याचे खांदे सैल व्हायचे.

"झालं का?"

"एक मिनिट, दादा."

"तवर दारं मोडून येतो मी."

दारं मोडायचं म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं. तो खोरं घेऊन निघून जायचा. माझी लेन्स बसेपर्यंत तो पार पलीकडच्या बांधावर पोचलेला असायचा. मग मी लांब लेन्स लावून त्याचे फोटो काढायचो. माझ्याकडं दादाचे असे पुष्कळ फोटो आहेत. पाठ, खोरं, टोपीचा मागचा भाग. रोहित पक्ष्यांचे काढले तसेच, अंतर राखून.

एकदा त्यानं विचारलं होतं, "ह्या भिंगातनं मी लांब दिसतो, त्यातनं जवळ. मग मी नेमका हाय कुठं?"

"तू बांधावर आहेस, दादा."

"मग तिकडंच ये की," तो म्हणाला. मी हसलो आणि जागचा हललो नाही. माझ्याकडं लांब लेन्स होती.

गेल्या वर्षी त्याच्या पोटात गाठ निघाली. बारामतीत दाखवलं. डॉक्टर त्याच्याशी फार मऊ बोलले. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "डॉक्टर गोड बोलाय लागला की वळखावं." त्यानंतर त्या विषयावर तो काही बोलला नाही. उसाची लागण मात्र त्या साली त्यानं एका पट्ट्यातच केली.

एका रविवारी मी गेलो तर तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. दाढी केलेली, धुवट सदरा. मला म्हणाला, "माझा एक चांगला फोटो काढ."

आजवर त्यानं असं कधी मागितलं नव्हतं. तोच पुढं बोलला. "चौकात परवा त्या आपल्या वरच्या आळीतल्या तात्यांचा श्रद्धांजलीचा बोर्ड लागलाय. फोटो घेतलाय आधार कार्डावरचा. धरून आणल्यावानी दिसत्यात तात्या. पोरांनी घाईत दुसरा कुठनं आणायचा? माझा तसा नको."

वहिनी चहा घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं आणि कप घेऊन तशीच आत गेली.

मी काय करायला हवं होतं ते आता मला समजतं. कॅमेऱ्यावर छोटी लेन्स होती. चार पावलं पुढं जायचं आणि काढायचा. पण मला वाटलं, दादानं जन्मात एकदा मागितलं तर ते असं तसं द्यायचं नाही. चेहऱ्याची लेन्स लावायची. तिच्यानं मागचं सगळं धूसर होतं आणि माणूस तेवढा उठून दिसतो. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. दुकानदाराला पुण्याहून ती लेन्स मागवायला सांगतो म्हटलं. तोवर आतला डागही साफ करून घेतो. पुढच्या रविवारी येतो.

"पुढल्या रविवारी?"

"हो. आज नुसता अंदाज घेऊन ठेवतो."

मी कॅमेरा उभा धरला आणि बसल्या जागेवरून एक फोटो काढला. लक्षही नव्हतं माझं. बटण दाबता दाबताच दादानं विचारलं, "झालं का?" आणि मी म्हटलं, हा खरा नव्हे.

लेन्स शुक्रवारी दुकानात आली. दादा गुरुवारी पहाटे गेला.

बोर्डासाठी फोटो द्यायचं काम माझ्याकडं आलं. पुतणे म्हणाले, काकांकडं कॅमेरा आहे, काकांकडं असेल. सगळे फोटो चाळले. पाठी, पाठी आणि पाठी. लग्नाकार्यातल्या घोळक्यात तो मागच्या रांगेत, अर्धा दुसऱ्याच्या फेट्याआड. समोरून काढलेला म्हणावा असा एकच होता, अंदाज घ्यायचा. तो घेऊन मी इंदापुरात बोर्ड छापणाऱ्याकडं गेलो. त्यानं तो पडद्यावर मोठा केला, कडेचं कापलं, कोट चढवू का विचारलं. मी नको म्हटलं. मग त्यानं माऊस दोन जागी फिरवला.

"सर, चेहऱ्यावर दोन काळे ठिपके दिसत्यात. एक गालावर, एक हनुवटीपाशी. एक धुळीचा डाग हाय. ह्यातला तीळ कुठला? दुसरा पुसून टाकतो."

मी पडद्याजवळ वाकून दोन्ही ठिपके पाहिले.

कॅमेरा उभा धरल्यामुळं डाग नेहमीच्या कोपऱ्यात नव्हता, आणि माझं लक्ष नसल्यानं दादाही फोटोत कडेला सरकला होता. दुसरा एखादा उभा फोटो काढून ताडून बघता आलं असतं, पण ते त्या वेळी सुचलं नाही. त्या वेळी एवढंच समजलं, की ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याच्या तोंडावरचा तीळ कुठं आहे हे मला माहीत नाही. पन्नास वर्षं. मी भूगोलाचा मास्तर. जगातल्या नद्यांची मुखं सांगतो.

"दोन्ही ठेवू का, सर?" त्यानं हळूच विचारलं. मागं आणखी गिऱ्हाइकं उभी होती.

मी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. ती निमगावलाच होती, वहिनीपाशी. मी विचारलं. ती क्षणभरही थांबली नाही.

"डाव्या डोळ्याखाली, गालावर. भावजी हसले की वर जायचा तो. तुम्हाला ठाऊक नाही?"

मी फोन ठेवला. हनुवटीपाशी होती ती त्याच्याच रानातल्या पाचटाची काजळी. बोर्डवाल्यानं एका टिचकीसरशी ती पुसली. एवढं सोपं होतं ते.

बोर्ड चौकात लागला. दशक्रिया झाली. तोच फोटो चौकटीत घालून घरात लावला. वहिनी कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. ओठ थोडे उघडे आहेत त्यात दादाचे.

"बोलताना काढलाय व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

"काय बोलत हुते?"

मी म्हटलं, आठवत नाही. तेवढं खोटं मी वहिनीशी बोललो.

आम्ही पिंपळीला परत आलो. दुकानदारानं नवी लेन्स घरी पाठवून दिली होती. टेबलावर तिचा खोका तसाच, चिकटपट्टीसुद्धा न काढलेला. दुपारची वेळ. बायको ओसरीत गहू निवडत बसली होती. मी तिच्यापासून चार हात लांब खुर्चीत बसलो आणि म्हणालो, तू म्हणालीस तो कॅमेरा घ्यायला हवा होता. लेन्स निघणारीच नसती तर दादाला मी थांबायला सांगितलंच नसतं.

ती खडे वेचत राहिली. मला वाटलं, आता ते डब्याचं झाकण निघणार.

"एक विचारू?" वर न बघता ती म्हणाली. "माझ्या तोंडावर तीळ कुठंय?"

मी अंदाज घेतला. भूगोलाच्या मास्तराला साजेसा, ठामपणे. "उजव्या भुवईच्या वर."

तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं चेहरा पुसला.

"मला तीळ नाहीच," ती म्हणाली. "या हिकडं. बसा समोर आणि बघा एकदा नीट. कॅमेरा असू द्या तिकडंच."