प्रतिमा हटवायची का?

बिबवेवाडीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर सुशीलाबाईंची अभ्यासिका आहे. खोली विहाराचीच, पण किल्ली बाईंच्या कनवटीला, त्यामुळे मालकी कुणाची हे विचारायची कुणाची छाती होत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून जन्म काढला, आणि निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसायचं सोडून त्यांनी वस्तीतल्या मुलींचा अभ्यास अंगावर घेतला. चपला घालून आत येणारा कुणीही असो, बाई एवढंच विचारतात, "घरीही असंच का?"

खोलीतला एकुलता एक संगणक मात्र रडतखडत चालायचा. विहाराचे चिटणीस समाधानराव म्हणाले, "मावशी, रविवारी भंगारवाला येतोय. तोवर हे खोकं नीट चाललं तर ठीक, नाहीतर ते देऊन टाकू आणि खोलीत मांडवाचं सामान ठेवू." बाईंनी मनाशी हिशेब केला: खोली गेली की मुली पुन्हा घरी, टीव्हीच्या कलकलाटात पुस्तक धरून बसणार.

शनिवारी दीपमाला आली. याच खोलीत शिकलेली, आता कंपनीत नोकरीला. "मावशी, मशीन चांगलंय, आतली सिस्टीम म्हातारी झालीय. फुकटातली नवी मिळते, ती टाकू." तिने घाईघाईत अख्ख्या सिस्टीमची भलीमोठी फाइल डाउनलोडला लावली, आणि ऑफिसचा फोन आला म्हणून गॅलरीत गेली.

फाइल उतरली आणि पडद्यावर लालभडक चौकट आली. मुलींना सोपं जावं म्हणून बाईंनी हट्टाने सगळं मराठीत करून घेतलं होतं, त्यामुळे अँटीव्हायरसही मराठीतच बोलला: 'या प्रतिमेत धोका आढळला. प्रतिमा हटवायची का?'

चौकटीमागे पडद्यावर तथागतांची प्रतिमा मंद हसत होती. बाईंचं टाळकं सरकलं. "हटवायची? विहारात बसून हे मला विचारतोस?" असं म्हणून त्यांनी 'ठेवा' हे बटण इतक्या जोरात दाबलं की दीपमाला फोन ठेवून धावत आली.

प्रकार ऐकून ती हसून हसून खाली बसली. "अहो मावशी, ही प्रतिमा नव्हे! असल्या फाइलीला, म्हणजे अख्ख्या सिस्टीमच्या नकलेला, इंग्रजीत इमेज म्हणतात. कुणा शहाण्याने तिचं प्रतिमा केलंय."

"मग नक्कल म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं?"

हसू ओसरल्यावर दीपमालाने सांगितलं की अशा फाइलीची आकड्या-अक्षरांची एक लांबलचक खूण असते. ती सिस्टीम बनवणाऱ्यांच्या साइटवर दिलेली असते, तिच्याशी आपल्या फाइलीची जुळवून बघायची. बाईंना जास्त समजवावं लागलं नाही. आईच्या आणि बाळाच्या हातावरच्या पट्ट्या मोठ्याने वाचून जुळवल्याशिवाय त्यांनी कधी बाळ कुणाच्या कुशीत दिलं नव्हतं. दीपमाला मोबाइलवरून वाचू लागली, बाई पडद्यावर बोट ठेवून 'हं' म्हणू लागल्या. सुरुवातीलाच फरक निघाला. घाईत फाइल भलत्याच साइटवरून घेतली होती.

"हटव," बाई म्हणाल्या. पण आधी पडद्याला हात जोडले, गैरसमज नको म्हणून.

दुसरी फाइल बनवणाऱ्यांच्याच साइटवरून आणली. खूण शेवटच्या अक्षरापर्यंत जुळली, तरी लाल चौकट आलीच.

"बनवणाऱ्यांनीच साइटवर लिहिलंय, काही अँटीव्हायरस हिच्यावर उगाच ओरडतात," दीपमाला म्हणाली. "पण तुम्ही म्हणाल तसं."

बाईंना भीती वाटली. चुकलं तर आहे तेही जाणार होतं, आणि भंगारवाला उद्याच येणार होता.

"जुळलंय ना? मग बाळ आपलंच," त्या म्हणाल्या, आणि या वेळी 'ठेवा' हळूच दाबलं.

रविवारी समाधानराव वर आले, तर मुली संगणकापुढे दाटीवाटीने बसलेल्या. टायपिंगची पाळी कुणाची यावरून भांडण जुंपलं होतं.

"चाललं वाटतं," ते ओशाळून म्हणाले. "मग भंगारवाल्याला परत पाठवतो. खाली उभा आहे."

"परत कशाला? वर बोलवा," बाई म्हणाल्या. "त्याची मुलगी यंदा दहावीला आहे. तिची जागा ठेवलीय म्हणावं."