लोहगडवाडीचा फोन

मी तरुण होते तेव्हाची गोष्ट. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. हसू नका, सत्तरी ओलांडली की अठ्ठावन्न हे पोरवयच वाटतं. तेव्हा गुडघे चालत होते, आणि आपल्याला सगळं कळतं हा आजार अंगात पुरता भिनला होता.

एका कारखान्याच्या ऑफिसात जन्मभर टायपिंग करून मी निवृत्त झाले, त्याच वर्षी लेकीने तळेगावात स्टेशनजवळ दोन खोल्या घेऊन वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं. ती त्याला एजन्सी म्हणायची. ती आणि कोड लिहिणाऱ्या दोन मुली, संपली एजन्सी. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले ती तिथेच बसले. "आई, तू मजकूर तपासत जा," ती म्हणाली. तिला वाटलं असणार, आठवडाभरात कंटाळेल. मी दुसऱ्याच दिवसापासून स्वतःला तिथली हेडमास्तरीण नेमून टाकलं.

काम दमवणारं होतं. लोणावळ्याचे बंगलेवाले, चिक्कीवाले, सोमाटण्याचा लग्नाच्या लॉनवाला, सगळ्यांना वेबसाइट उद्या हवी. फोटो मागितले की महिनाभर पत्ता नाही. मग एक दिवस व्हॉट्सअॅपवर हललेले बारा फोटो, त्यातल्या तिनांत त्यांचा स्वतःचा अंगठा. लोगो मोठा करा. अजून मोठा करा. आता पहिल्यासारखा करा. संध्याकाळी लेक खुर्चीत मान टाकून बसायची आणि मी तिला आमच्या वेळी कामं कशी चोख व्हायची ते ऐकवायची. तिने मला दाराबाहेर काढलं नाही, ही तिची माया.

ऑफिसची एक रीत होती. नवी वेबसाइट जुनीची नक्कल करून सुरू व्हायची, आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर येईपर्यंत त्या जागी दहा शून्यं टाकायची. मला ती शून्यं बघवेनात. "भुंडं दिसतं गं," मी म्हटलं, आणि खऱ्यासारखं दिसावं म्हणून तात्पुरता माझा नंबर घालायला लावला. मुलींनी एकमेकींकडे बघितलं आणि घातला. हेडमास्तरणीला कोण बोलणार?

त्याच दिवसांत लोहगडवाडीची एक बाई आमच्याकडे आली. चाळिशीची असेल. गडाखाली तिची टपरी. पिठलं-भाकरी, चहा, आणि मागच्या पडीक जागेत मुक्कामाला चार तंबू. नवऱ्याची कंबर धरलेली, त्यामुळे सगळं तिच्याच अंगावर. त्यात गाड्या लावायच्या जागेपाशी नव्या मोठ्या टपऱ्या झालेल्या. गिऱ्हाईक तिथेच अडायचं, हिच्यापर्यंत पोचायचंच नाही.

"यंदाचा पावसाळा बगते," ती म्हणाली. "जमलं तर जमलं. न्हाईतर दिवाळीला टपरी मोडायची आन कंपनीत झाडलोटीला जायचं. तुमी तेवडं झ्याक करून द्या, मावशी."

झ्याक म्हणजे किती झ्याक! मी एकेक वेलांटी तपासली. 'पिठलं' शब्दावरचा अनुस्वार उडाला म्हणून पान दोनदा परत पाठवलं. फोन नंबरही तीनदा वाचला. तिन्ही वेळा बरोबर वाटला. वाटणारच, तो माझाच होता. वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेला नंबर डोळ्यांना खुपत नाही. तिचा नंबर आला होता, पण माझा काढून तो घालायचा राहिला. वेबसाइट सुरू झाली आणि मी ऑफिसात पेढे वाटले.

मग मला फोन यायला लागले.

"तंबू मिळेल का शनिवारी?"

"राँग नंबर."

"आम्ही पंधरा जण आहोत, जेवणाचं होईल का?"

"मी काय खानावळ उघडलीये? राँग नंबर!"

एका बिचाऱ्याने दोनदा केला, तर त्याला मी आईबापांनी काय शिकवलं ते विचारलं. माझा नंबर कुठल्यातरी हॉटेलच्या नंबरासारखा असणार, असं माझं संशोधन. लेकीला सांगितलं तर स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाली, "ब्लॉक कर."

आणि इकडे दर सोमवारी त्या बाईचा लेकीला फोन. "ताई, येकबी फोन न्हाई आला." तिसऱ्या सोमवारी मी लेकीच्या हातातून फोन ओढून घेतला आणि व्याख्यान दिलं. इंटरनेट म्हणजे आंब्याचं झाड. आज लावलं म्हणून उद्या फळ धरतं का? दम धरायला शिक.

"व्हय मावशी," ती म्हणाली. एवढंच. तो दमलेला 'व्हय' अजून कानात आहे.

पुढच्या शनिवारी लेक म्हणाली, जाऊन तरी बघू. गेलो. गडावर माणसांची रांग आणि हिच्या टपरीत दोन रिकामे बाक. चुलीवर पिठल्याचं पातेलं झाकून ठेवलेलं. आम्ही टेकतोय तोच चार पोरी-पोरं भिजून आत आली.

"काकू, जेवण आहे ना? साइटवरच्या नंबरवर फोन केला होता आम्ही. तिकडून एक बाई असली खेकसली की बस!"

"कोन बाई?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फोन तर माझ्या कनवटीला असतुया." मग त्या पोरीला म्हणाली, "चल, लाव बरं परत. बगू कोन भवानी हाय ती."

टपरीमागे एक मोठा दगड होता. वाडीच्या त्या टोकाला रेंज फक्त तिथे यायची. आम्ही सगळे तिथे गेलो. पोरीने नंबर लावला. आणि माझ्या पर्समध्ये गणपतीची आरती सुरू झाली.

लेक गडाकडे बघू लागली. मला वाटलं, दरड कोसळावी तर आत्ता. ती बाई आधी पर्सकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"उचला मावशी," ती म्हणाली. "गिऱ्हाईक हाय."

पोरं हसली. ती हसली नाही. त्यांना ताटं वाढून आली आणि दगडावर बसली. "चार शनवार गेलं," म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी आंब्याच्या झाडाची बाई. म्हटलं, आजच्या आज तुझा नंबर घालते.

"माझा घालून तरी काय? ह्या दगडाबिगर रेंज न्हाई. मी चुलीम्होरं बसू का दगडावर?"

हे आम्ही तिला आधी विचारलंच नव्हतं. तळेगावात वायफायच्या डब्याशेजारी बसून आम्ही तिची वेबसाइट दहा वेळा तपासली होती, टपरीपाशी उभं राहून एकदाही नाही.

"तुमचाच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "फकस्त खेकसू नका."

तेव्हापासून मी फोन घ्यायचे आणि ती सकाळी सातला नि संध्याकाळी सातला दगडावर चढून मला फोन करायची. पंधरा जण, दोन उपासाचे, एक तंबू. त्या दिवाळीत टपरी मोडली नाही. गडावरून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी लेकीने सगळ्या वेबसाइट चाळल्या होत्या, तर माझा नंबर आणखी दोन ठिकाणी सापडला. त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

पुढे लेक थकली, एजन्सी बंद करून पुण्यात नोकरीला लागली. दोन्ही मुली केव्हाच मोठ्या कंपन्यांत गेल्या. त्या एजन्सीत अजून कामावर आहे ती एकटी मी. शनिवार आला की अंगावर काटा येतो. "आजी, गडावर पाऊस आहे का?" मी तळेगावातल्या खिडकीतून आभाळ बघते आणि ठोकून देते, आहे.

परवा एका ट्रेकरकडून कळलं, वाडीत टॉवर होऊन दोन वर्षं झाली. आता चुलीपाशीसुद्धा फुल रेंज. संध्याकाळी सातला तिचा फोन आला तेव्हा विचारलं, "काय गं, कुठून बोलतेस?"

"चुलीपासनं," ती बिनदिक्कत म्हणाली.

"मग माझा नंबर काढायला सांगू का लेकीला? दमले गं मी आता."

पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला.

"चार शनवार अजून फिटलं न्हाईत, मावशी," ती म्हणाली. "उंद्याचं किती जन, ते सांगा."

बावीस, मी म्हटलं. तीन उपासाचे.