‘हो गई’ असं मी सांगितलं

“पर्दा रहने दे,” डॉक्टर म्हणाले. “सबको देखना है.”

सब म्हणजे चार शिकाऊ डॉक्टर. मी टेबलावर डाव्या कुशीवर पडलो होतो. पँट गुडघ्यांपर्यंत उतरवलेली, तोंड भिंतीकडे. मागे दार अर्धं उघडं. बाहेर बरामद्यात ओपीडीची रांग.

डॉक्टरांनी माझी फाईल मोठ्याने वाचली. “एचआईवी पॉजिटिव. बारह साल से.” मग थांबले. “और जाँच कहाँ की करानी है, देखो! शौक आपके, सफ़ाई हम करें?”

शिकाऊ डॉक्टर हसले.

मीही हसलो.

तशा अवस्थेत, त्यांच्याबरोबर. वाटलं, हसलो की लवकर सुटेन.

“आदमियों के साथ?” त्यांनी विचारलं.

“नहीं सर,” मी म्हणालो. “पाइल्स है शायद.”

“तो पाइल्स की दवा लो, घर जाओ.”

मी पँट वर ओढत होतो, तोवर वॉर्डबॉयने टेबलावर फिनाइल ओतलं. मला कुणी हातही लावला नव्हता. जाँच झालीच नाही.

मी इंदूरच्या राजेंद्र नगरचा. आजोबा संस्थानच्या दफ्तरात, वडील शिक्षक, मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. वर्गात माझा आवाज कधी अडखळत नाही. त्या खोलीत मात्र तोंडातून खरं एक अक्षर निघालं नाही.

मला तिथे पाठवलं होतं आमच्या एआरटी सेंटरच्या काउन्सेलर मॅडमनी. दर महिन्याला एचआयव्हीच्या गोळ्या तिथून मिळतात. मॅडम म्हणाल्या होत्या, “सर, गोळ्यांनी व्हायरस दबलाय, चांगलंच आहे. पण गुदद्वाराच्या कॅन्सरचा धोका आपल्या पेशंट्सना जास्त असतो, पुरुषांशी संबंध असलेल्यांना तर आणखी. कॅन्सर व्हायच्या आधी तिथल्या पेशी बदलतात. तेव्हाच सापडलं तर काढून टाकता येतं. लाजू नका.”

हे त्यांनी गोपालला पण सांगितलं होतं. गोपालची देपालपुरला धान्याची आडत. सेंटरच्या बाकावरच आमची ओळख झाली. तो माझ्यासारखाच. आम्हाला एकमेकांना काही समजावून सांगावं लागायचं नाही. तो म्हणाला, “तू पहले जा भिया. तू बता, फिर मैं जाता हूँ.”

मी हॉस्पिटलमधून परतलो त्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

“हो गई? कैसा रहा?”

मी खिडकीशी उभा होतो. दोनदा साबणाने अंघोळ करूनही फिनाइलचा वास जात नव्हता. झालं ते त्याला सांगायचं, तर मी हसलो हेही सांगावं लागलं असतं.

“हो गई,” मी म्हणालो. “कुछ नहीं निकला. फालतू चीज़ है. रहने दे.”

“तो मैं नहीं जाता?”

“मत जा.”

एवढंच बोललो. अर्ध्या मिनिटाचं बोलणं असेल.

दीड वर्षाने गोपालला गादीवर बसता येईना. रक्त जात होतं, आणि तो हातोदच्या एका वैद्याकडून पाइल्सची पुडी घेत होता. शेवटी गाठ हाताला लागली. इंदूरला आणलं, तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, आणि पसरलेला.

मी वॉर्डात गेलो. मला पाहून तो बरं वाटल्यासारखा हसला. म्हणाला, “तेरी जाँच में तो कुछ नहीं निकला था ना? चल, एक तो बचा.”

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केलं असतं. तो माझ्यासाठी खुश होता.

“मेरी जाँच हुई ही नहीं थी,” मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. हसलो, तेही.

 तो म्हणाला, “बोल देता यार.”

आणि कूस बदलली. मी निघालो तरी परत वळला नाही.

पुढच्या सोमवारी मी मॅडमना सांगितलं, मला जाँच करवायची आहे. त्या म्हणाल्या, “दुसरीकडे व्यवस्था करते.”

“नको,” मी म्हणालो. “तिथेच.”

तीच खोली, तेच डॉक्टर. त्यांनी मला ओळखलंही नाही. मी टेबलाजवळ उभा राहिलो, पट्ट्याला हात लावला नाही.

“सर, मुझे एचआईवी है. मैं आदमियों के साथ रहा हूँ. मुझे यह जाँच करानी है. पहले दरवाज़ा बंद होगा, पर्दा लगेगा. और मेरी फाइल आप मन में पढ़ेंगे.”

“आप मुझे मेरा काम सिखाएँगे?”

“हाँ. इतना तो सिखाऊँगा.”

आवाज फाटला होता. बरामद्यात सगळ्यांनी ऐकलं. शरमेने कान जळत होते. पण मी हललो नाही. शिकाऊ डॉक्टरांतल्या एका मुलीने जाऊन दार लावलं.  डॉक्टरांनी काडीच्या टोकाला कापूस लावून नमुना घेतला. दोन मिनिटांचं काम.

रिपोर्टमध्ये पेशी बदललेल्या निघाल्या. मग दुसऱ्या दवाखान्यात दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा तपासला, आणि खराब झालेला भाग जाळून टाकला. कॅन्सर नव्हता. त्याच्या आधीची पायरी होती. आता दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो.

गोपालचं शेकणं, म्हणजे रेडिएशन, संपलं. जिवंत आहे. शौचासाठी पोटावर पिशवी लावली आहे. माझा फोन उचलत नाही. उचल, असं म्हणायचा हक्क मला नाही.

हॉस्पिटलला मी तक्रार लिहून दिली. स्वतःच्या नावाने, आजाराचं नाव लिहून. उत्तर आलेलं नाही. दुसरी लिहिली आहे.

गोळ्यांच्या दिवशी मी सेंटरच्या बाकावर मुद्दाम लवकर जाऊन बसतो. शेजारी बसलेल्या माणसाला सांगतो, ही जाँच काय असते, किती दुखतं, तिथे काय काय ऐकावं लागू शकतं. काही जण उठून लांब जाऊन बसतात. बसू देत. ज्याला एकट्याने जायची भीती वाटते, त्याच्याबरोबर मी आत जातो.

लाज गेलेली नाही. हे लिहितानाही हात अडतो. पण माझी लाज झाकायला मी आता दुसऱ्या कुणाला मरू देणार नाही.