आधी आजींना बोलवा

चाकंवाले काका कामाला पक्के आणि स्वभावाला हट्टी. अॅल्युमिनियमच्या जड सरकत्या खिडक्यांची झिजलेली चाकं बदलायची, एवढंच त्यांचं काम. गळका नळ दाखवला तर सरळ मान फिरवतात. एक खांदा जरा उतरलेला, मनगटं मात्र चांगली जाडजूड.

आमच्याकडे ते आले सासूबाईंच्या खोलीसाठी. वर्षापूर्वीच्या पक्षाघातानंतर सासूबाईंचा उजवा हात लुळा पडला, डाव्यातही बेताचीच ताकद उरली. पलंगाजवळची खिडकी मलासुद्धा पाय रोवून ढकलावी लागे. त्या हाक मारायच्या, माझे हात नेमके पिठात असायचे आणि मी "आले, आले" म्हणत करवादायचे. पुढे त्यांनी हाक मारणंच सोडलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं होतं.

काकांनी झडप उचलून काढली, जुन्या चादरीवर आडवी ठेवली, चपटी झालेली चाकं काढून नवी बसवली. झडप परत चढवल्यावर मी ती एका हाताने सरकवून बघितली.

"झालं की काम," मी म्हणाले.

"तुम्ही नका सांगू, ताई. आधी आजींना बोलवा."

सासूबाई पलंगाच्या कडेला सरकल्या. त्यांनी डावा हात लावला. खिडकी वीतभर गेली आणि अडली.

"राहू दे मेलं," त्या म्हणाल्या. "सूनबाई आहे ना उघडायला."

ऐकून माझं मलाच कसंतरी झालं. काकांनी मात्र झडप पुन्हा उतरवली. इकडे माझा स्वयंपाक खोळंबलेला.

"अहो काका, चालतेय की ती."

"माझ्या घरचीही चालायची," ते रुळावर नख फिरवत म्हणाले. "अकरा वर्षं. मग माझा खांदा निखळला, हात गळ्यात आला, आणि ती मला हलेना. बायकोला विचारलं, अगं, हिला आज काय झालं? ती म्हणाली, काही नाही झालं, ही खिडकी रोज तुम्ही घरी आल्यावरच उघडते."

त्यांचं नख एका जागी थांबलं. चाकं नवी होती, पण ती ज्यावर धावतात त्या रुळालाच तिथे खाच पडली होती. काकांनी रुळावर स्टीलची पातळ पट्टी चढवली, दाबून दाबून बसवली आणि सासूबाईंना पुन्हा हाक मारली.

या वेळी खिडकी टोकापर्यंत गेली. सासूबाईंनी ती लावली, परत उघडली, परत लावली. काका हत्यारं आवरून निघालेसुद्धा, तरी सासूबाईंचं चालूच होतं.

संध्याकाळी गार वारा सुटला. मी सवयीने खिडकी लावायला गेले.

"हात नको लावूस," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटेल तेव्हा मी लावीन."

वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी मला कशाला तरी नाही म्हटलं होतं.