हजेरी संपल्यावर येणारा माणूस

आमच्या धायरीच्या वर्कशॉपमध्ये सकाळची हजेरी चालू असताना लेथ मशीनवर काम करणारे एक काका कायम फाटकाबाहेर उभे असायचे. नावं पुकारून झाली की आत येऊन म्हणायचे, “साहेब, मी हाय म्हणून लिवा.”

सुपरवायझर मी. पुण्यात मुरलेला, त्यामुळे टोमणा तयारच. “अहो, आपल्याला आत आणायला पालखी पाठवायची का?” ते नुसते हसायचे. तुमच्याही कामावर असा एखादा असेल. त्याला विक्षिप्त ठरवून आपण मोकळे होतो.

लेथवर मात्र हात बसलेला. आमच्या डिप्लोमावाल्यांना जे दोनदा करावं लागे, ते यांचं एकदाच. शिक्षण सातवी. पुढे का नाही शिकलात, असं एकदा डबा खाताना विचारलं.

लातूरकडच्या भूकंपात त्यांचं गाव गेलं, तेव्हा ते सातवीत होते. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. ढिगाऱ्यातून जुनं हजेरीपत्रक तेवढं सापडलं होतं. मास्तरांनी सवयीने तेच वाचायला घेतलं. वर्गातली निम्मी मुलं गेलेली. एक नाव, मग सगळे गप्प. पुढचं नाव, परत गप्प.

“मास्तरचं काय चुकलं? त्यांचंबी घर गेल्तं,” ते म्हणाले. “माझं नाव आलं, तर तोंडातून शब्दच फुटंना. मग गेलोच नाही शाळंत.”

मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या टोमण्यांची लाजही.

शहाणपण मात्र आलं नाही. दुसऱ्या पाळीला सुपरवायझर हवा होता. मी मालकांकडे त्यांचंच नाव लावून धरलं. काका स्वतःच आधी नको म्हणाले. पण पगार वाढणार होता आणि मुलीला इंजिनीअरिंगला घालायचं होतं. चार दिवसांनी तयार झाले. हजेरी दुसऱ्या कुणाला तरी घेऊ दे, असं मी म्हणू शकलो असतो. मला वाटलं, इतक्या वर्षांनी भीती एकदाची मोडलेली बरी.

पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाच नावं नीट पुकारली. सहाव्याला कुणी ओ दिली नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू. हजेरीपत्रक मिटून माझ्या हातात दिलं. “मला नाही जमायचं साहेब,” म्हणाले आणि बाहेर पडले.

त्यानंतर ते लेथवरही आले नाहीत. फोन बंद, खोली सोडलेली. मुलीचं काय झालं, मला माहीत नाही.

त्या दिवशी ते गेल्यावर दहाच मिनिटांत तो सहावा माणूस हेल्मेट काढत आत आला. गाडी पंक्चर झाली होती म्हणाला. मी त्याला तसाच त्यांच्यामागे रस्त्यावर पिटाळला. “काका, आलो मी,” असं ओरडत तो पार चौकापर्यंत पळत गेला.